पटावर किती, हजर किती

टीव्हीवर 'महाभियोग' हा शब्द आला की माझा हात आपोआप आवाज वाढवायला जातो. कुणा न्यायाधीशावर आणायचं चाललंय, कुठल्या परक्या देशाच्या अध्यक्षावर आणलाय, त्यातलं मला फारसं पडलेलं नसतं. बातम्या सांगणारी मुलगी भराभर बोलत सुटते आणि मी वाट बघत बसते, की आता ही सांगेल, पटावर किती आणि हजर किती. ती काही सांगत नाही. मग मीच टीव्हीला म्हणते, "अगं बाई, तेवढं सांग की." माझी सून स्वयंपाकघरातून डोकावते, एकदा माझ्याकडं आणि एकदा टीव्हीकडं बघते आणि परत आत जाते. तिला वाटत असेल, आईंचं वय झालं.

हे खूळ मला मोमीन सरांनी लावलं. केज तालुक्यात, नांदूरघाटच्या रस्त्यावर फाट्यापासून आत आमचं गाव, आणि गावात दहावीपर्यंतची शाळा. सर तिथं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे, मी मराठी. घरंही एकाच गल्लीत. त्यामुळं त्यांचा शाळेतला आवाज आणि घरातला आवाज, दोन्ही मला पाठ होते. उंच, काटकुळा माणूस. शर्ट कायम पांढरा आणि त्याचा खिसा कायम फुगलेला. त्या खिशात पैसे नसत, पेन नसे. एकीकडं धुऊन वाळवलेल्या सिताफळाच्या बिया आणि एकीकडं चिंचोके असत. त्यांच्या भावाचं मांजरसुंब्याला फळांचं दुकान होतं, तिथून सिताफळांच्या पाट्या यायच्या. सरांना शुगर. डॉक्टरांनी सिताफळाला हात लावू नका म्हणून सांगितलेलं. आणि हे गृहस्थ माझ्यासमोर भिंतीकडं तोंड करून दोन-दोन फळं संपवायचे आणि वर म्हणायचे, "बाई, बिया पाहिजेत ना. मतदान आलंय."

माझा स्वभाव मुळातच घोरी. कुणी शिंकलं तरी मी काढ्याला पाणी ठेवते. अशा बाईच्या शेजारी असा माणूस राहायला आला, हे माझं नशीब.

सरांपुढं कुणी कुरकुर केली की ते एकच विचारायचे, "गाऱ्हाणं हाय का आरोप?" वर्गात शुद्ध बोलणारे सर असल्या वेळी थेट गावच्या भाषेवर यायचे. गाऱ्हाणं म्हणजे मनातली जळजळ, ती कुणीही ओकावी, त्याला हरकत नाही. आरोप करायचा तर काय केलं ते सांगायचं, कधी केलं ते सांगायचं आणि पाहिलं कुणी ते सांगायचं. एकदा भाभी, म्हणजे त्यांची बायको, माझ्यादेखत त्यांना म्हणाली, तुम्ही नेहमी उशिरा येता. सर चपला काढता काढता म्हणाले, 'नेहमी' म्हटलं की गाऱ्हाणं झालं, आरोप कर, साक्षीदार आण. भाभीनं कालवणाचं पातेलं आणून त्यांच्यापुढं आपटलं आणि म्हणाली, हा घ्या साक्षीदार, गार पडलाय. सरांनी झाकण काढून बघितलं, आरोप मान्य केला आणि गार कालवण मुकाट्यानं खाल्लं.

दुसरा त्यांचा शब्द म्हणजे पट आणि हजेरी. शाळेत नाव घातलेली पोरं म्हणजे पट. त्यातली आज वर्गात बसलेली ती हजेरी. आमच्याकडं या दोन्हींत फार अंतर. दिवाळी झाली की टोळ्या ऊस तोडायला निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. मायबापाबरोबर पोरंही जातात. नाव पटावर, पोरगं उसाच्या फडात. गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतात तेव्हा आपलं बाक कुठलं ते त्यांना आठवत नसतं.

कुणी 'सगळ्यांना मान्य आहे' असं म्हटलं की सरांच्या अंगावर पाल पडायची. एकदा मुख्याध्यापकांनी आमची, म्हणजे बायकांची, बसायची खोली सामान ठेवायला घ्यायची ठरवली. मिटिंगमध्ये म्हणाले, सगळ्यांना मान्य आहे, पुढं चला. सर उठले. "पटावर किती, हजर किती?" बायका आम्ही मोजून तीन. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. मुख्याध्यापक म्हणाले, अहो मोमीन, ती माहेरी आहे, तिला काय विचारायचं? सर म्हणाले, खोलीची सगळ्यात जास्त गरज तिलाच पडणार आहे, बाळाला घेऊन येईल तेव्हा. खोली राहिली. मुख्याध्यापक सरांशी महिनाभर बोलले नाहीत. मी इकडं काळजीनं अर्धी, की आता या माणसाची बदली होते का काय.

आता महाभियोगाचं सांगते. आठवीच्या पुस्तकात तो इनमीन एका परिच्छेदात आटोपलेला. राष्ट्रपतीनं संविधानाचा भंग केला तर त्याला काढता येतं, कसं काढायचं ते दोन ओळींत. बाकीचे मास्तर प्रश्नोत्तरं लिहून देऊन मोकळे होतात. सर दरवर्षी हिवाळ्यात स्वतःवर महाभियोग चालवून घ्यायचे. ते राष्ट्रपती. आठवीच्या दोन तुकड्या म्हणजे संसदेची दोन सभागृहं. 'अ' तुकडीनं आरोप करायचा. तो लेखी, चौथा हिस्सा पोरांच्या सह्यांसकट, आणि चौदा दिवस आधी नोटीस देऊन. सरांवर काहीतरी खराच आरोप पाहिजे, खोटा चालणार नाही. 'अ' तुकडीनं तो मांडला की 'ब' तुकडी चौकशी करणार, आणि मतदान शेवटी दोन्हीकडं एकदम, हा सरांनी केलेला बदल. ज्यानं आरोप केला त्यानंच चौकशी करायची नाही, यासाठी दोन सभागृहं, हे सर शंभरदा सांगायचे. मग सरांना उत्तर द्यायची संधी. मग गुप्त मतदान. खऱ्या संसदेत ते गुप्त नसतं, हेही सांगायचे, पण पोरांना मास्तरांचं भय वाटू नये म्हणून आपल्याकडं गुप्त. चिंचोका म्हणजे काढा, सिताफळाची बी म्हणजे ठेवा. टेबलावर पत्र्याचा डबा. सर फळ्याकडं तोंड करून, पाठ फिरवून उभे राहायचे आणि शेवटचं पोरगं डब्यात बी टाकून जागेवर बसेपर्यंत वळायचे नाहीत.

आणि सर दरवर्षी वाचायचे. कारण दोन तृतीयांश मतं लागतात ती हजर असलेल्यांची नाहीत, एकूण सदस्यांची. पटाची. हिवाळ्यात अर्धा पट उसात. हजर असलेल्या सगळ्यांनी चिंचोके टाकले तरी भागायचं नाही. पोरं चिडायची, ही फसवणूक आहे म्हणायची. सर म्हणायचे, "राष्ट्रपतीला काढायचं तर जो इथं न्हाई त्यालाबी मोजायचं. चार टाळकी जमवून काढायचा माणूस न्हाई तो." मला वाटायचं, मुद्दाम हिवाळ्यात ठेवतात, लबाड माणूस. तसं मी त्यांना तोंडावर म्हणाले होते. ते हसले आणि म्हणाले, मी वाट बघतोय बाई, कुणाला तरी सुचेल.

सुचलं ते संगीताला. वरच्या वस्तीवरची पोरगी, मायबाप ऊसतोडीला. त्या वर्षी आजी आजारी म्हणून हिला मागं ठेवलं होतं. त्याच वर्षी सरांनी एका पोराला मुस्काटात मारलं. पाण्याच्या टाकीचा नळ मोडला होता, आणि मोडणारा भलताच निघाला. 'अ' तुकडीनं दिवाळीची भेट मिळाल्यासारखा तो आरोप उचलला. चौकशीला 'ब' तुकडीतून संगीता. मी खिडकीतून बघत होते. ती पोरगी सरांसमोर उभी राहिली, दोन वेण्या, फ्रॉकला मागं पिन लावलेली, आणि तिनं एवढंच विचारलं, "सर, मारलं का?"

सर म्हणाले, "मारलं. आधी विचारलं न्हाई."

आता मतदान. 'अ' तुकडीतल्या पोरांनी हुर्यो सुरू केली, की काय उपयोग, सर सुटणारच. संगीता म्हणाली, "कावून सुटतील? आज मत घ्यायचंच न्हाई. सगळे परत आले की घेऊ."  एवढ्या वर्षांत एकाही पोराला हे सुचलं नव्हतं. सरांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, इतका आनंद झालेला माणूस. पाडव्याला टोळ्या आल्या, उन्हानं रापलेली पोरं वर्गात बसली, त्यांना आरोप वाचून दाखवला, सरांचं उत्तर सांगितलं, आणि दोन्ही तुकड्यांनी सरांना काढलं. सरांनी खुर्ची उचलली, व्हरांड्यात नेऊन ठेवली आणि उरलेलं वर्ष आठवीला उभ्यानं शिकवलं. पायाला सूज यायची. मी सांगून दमले की अहो, खेळ होता तो. ते म्हणायचे, मारलं तो खेळ होता का?

ही संगीता पुढं गावातच दिली. आणि सरपंचपद बाईला आलं तेव्हा उभी राहिली. आमच्याकडं सरपंच थेट लोकांतून निवडायचा होता. टोळ्या जायच्या आधी मतदान झालं आणि वस्तीवरच्या लोकांच्या जोरावर पोरगी निवडून आली. सर तोवर रिटायर झाले होते. मी पेढे घेऊन गेले तर म्हणाले, आता तिला उत्तर देता आलं पाहिजे, नुसतं विचारून भागायचं न्हाई. मला राग आला. पोरीचं कौतुक करायचं सोडून हे काय.

दोन-तीन वर्षं बरी गेली. मग तिनं गावात हंगामी वसतिगृह आणलं. मायबाप उसाला गेले तरी पोरं गावात राहावीत, जेवावीत, शाळेत जावीत, यासाठीचं. जागा दिली ग्रामपंचायतीच्या सभागृहाची. पहिल्या वर्षी चाळीसेक पोरं राहिली. माझ्या जुन्या शाळेत हिवाळ्यात हजेरी पटाच्या जवळ आली, हे मी जन्मात प्रथम पाहिलं. पण सदस्यांत दत्ता मुकादम होता. मुकादम म्हणजे टोळ्या जमवून कारखान्यावर नेणारा माणूस. तो चारचौघांत सांगत फिरायचा, की पोरं मागं राहिली की बायांचा जीव मागं राहतो, मन लावून तोडणी करत न्हाईत, जरा काही झालं की घरी जाते म्हणतात. शिवाय चौदा-पंधराची पोरं फडात मोळ्या बांधायला हाताशी असतात, ती गेली. त्यानं दुसऱ्या वर्षी टोळ्या निघून जायची वाट बघितली. गाव अर्धं रिकामं झालं आणि सदस्यांनी तहसीलदाराकडं संगीतावर अविश्वासाची नोटीस टाकली. दर चारांत तीन सदस्यांनी ठराव मंजूर केला. आता ग्रामसभेत गुप्त मतदान, तो शेवटचा शब्द. आणि ग्रामसभेत मत हजर असतील त्यांचंच.

गावातले लोक या भानगडीला 'संगीताचा महाभियोग' म्हणायला लागले. चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडं तोच शब्द. निम्मं गाव सरांच्या हाताखालून गेलेलं, त्यांना दुसरा शब्दच माहीत नव्हता. सर रस्त्यानं जाता-येता थांबून दुरुस्त करायचे. "अरे, हा महाभियोग न्हाई. महाभियोगात आरोप लागतो, चौकशी लागते, उत्तर लागतं. अविश्वासाला काहीच लागत न्हाई, नुसतं मनातून उतरलं की पुरे." लोक मान डोलवायचे आणि पुढच्या वाक्यात परत महाभियोग म्हणायचे. मी म्हटलं, सर, शब्द गेला खड्ड्यात, पोरीचं काय होणार ते बघा. ती गेली की सभागृहाला कुलूप लागणार, आणि ही चाळीस पोरं ट्रॅक्टरमध्ये घालून उसात नेणार. हंगाम अजून निम्मा शिल्लक होता.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी संगीता सरांकडं आली. मी तिथंच भाभीबरोबर शेवग्याच्या शेंगा मोडत बसले होते. सरांनी आपल्या बाजूनं सभेत बोलावं, असं तिचं म्हणणं. तुमचं गाव ऐकतंय, म्हणाली.

सरांनी विचारलं, तुझ्यावर आरोप काय आहे?

ती म्हणाली, काहीच नाही, त्यांना कारण द्यावं लागत नाही.

"त्यांना लागत नसंल. मला लागतंय. तू काय केलंस?"

संगीता उंबऱ्यावर टेकली. मग तिनं सांगितलं. वसतिगृहाला सभागृह द्यायचा ठराव ज्या ग्रामसभेत झाला, ती सभा झालीच नव्हती. टोळ्या निघायला दोन-चार दिवस उरलेले, सभा घेतली असती तर मुकादमानं गोंधळ घालून उधळली असती. म्हणून तिनं घरोघर रजिस्टर फिरवून सह्या आणि अंगठे घेतले होते. सगळ्या गावांत असंच करतात, म्हणाली. ते खरंच आहे, करतात.

सर म्हणाले, माझ्या घरी तर तू आली नव्हतीस.

"आलते की सर. तुमी चहा पीत होता. सर, इथं सही करा म्हनले, तुमी केली."

भाभीच्या हातातली शेंग तशीच राहिली. सरांना आठवेना. मग आठवलं. ते हळूच खाटेवर बसले. आयुष्यभर पोरांना पट आणि हजेरी शिकवणाऱ्या माणसानं न झालेल्या सभेला स्वतःची हजेरी लावली होती.

"मी वाचलं न्हाई," सर म्हणाले. "तू आणलंस म्हणून वाचलं न्हाई. विश्वास ठेवला."

"मग आता काय करू सर? खरं सांगू का?"

सर उठले. ते अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. मला समजत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. खरं सांगितलं तर उद्या मतं जाणार, आणि वर गैरवर्तनाची रीतसर चौकशी मागं लागली तर पोरीला पुढं उभंही राहता येणार नाही. नाही सांगितलं तर कदाचित निभावेल. मी भाभीच्या कानात म्हटलं, सरांना सांगा, गप्प बसा म्हणावं. भाभी म्हणाली, तुमीच सांगा, माझं कधी ऐकलंय? मी सांगितलं. सर म्हणाले, "बाई, मी तिला बोल म्हणत न्हाई आणि गप बस बी म्हणत न्हाई. तिचं ती बघंल." त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर सभा. एरवी ग्रामसभेला कुत्रं फिरकत नाही, त्या दिवशी मागं राहिलेलं सगळं गाव आलेलं. पण वरच्या वस्तीची जागा जवळजवळ रिकामी. दोन-चार म्हाताऱ्या आणि एक लंगडा माणूस. तालुक्याहून आलेले अधिकारी तरुण होते, घाईत होते. सर मागून उठले आणि म्हणाले, "साहेब, पटावर किती, हजर किती?"

अधिकाऱ्यांना कळेना. सरांनी समजावलं, मतदार यादीत किती आणि इथं किती. निम्मे लोक उसाला गेलेत, पाडव्यानंतर घ्या. अधिकारी म्हणाले, काका, मुदत ठरलेली आहे, मला पुढं ढकलता येत नाही. ते खरं बोलत होते, त्यांच्या हातात काही नव्हतं. सर म्हणाले, मग निदान आरोप तरी सांगा.

दत्ता मुकादम मधेच उठला. "आरोप कशाला पायजे? विश्वास न्हाई, संपला विषय."

"ते गाऱ्हाणं झालं, दत्ता," सर म्हणाले. लोक हसले. दत्ताही जरा ओशाळला, कारण तोही सरांच्याच वर्गातला.

हशा ओसरेपर्यंत संगीता उभी राहिलेली मला दिसली नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करत होती.  मी तिच्याकडं बघून मान हलवत होते, नको, नको. तिनं बघितलं नाही.

"सर, आरोप मीच सांगते," ती म्हणाली. "वसतिगृहाच्या ठरावाची सभा मी घेतली न्हाई. घरोघर सह्या घेतल्या. गेल्या सालच्या दिवाळीनंतर, दुसऱ्या आठवड्यात. माझ्या हातानं."

 सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "साक्षीदार?"

"तुमी, सर."

सरांनी मान खाली घातली. मग वर केली. "खरं हाय. त्या कागदावर माझी सही हाय आणि मी सभेला न्हवतो."

मग मागून एक म्हातारी उठली, माझाबी अंगठा हाय म्हणाली. आणखी दोघं-तिघं पुटपुटले. मला वाटलं, आता वारं फिरेल. सगळ्यांचाच हात त्यात, मग एकटीलाच कसं काढतील? फिरलं नाही. माणसं आपला अंगठा विसरतात. चिठ्ठ्या पेटीत पडल्या, मोजल्या आणि संगीताचं पद थोडक्या मतांनी गेलं. अधिकाऱ्यांनी कागदावर सही केली, चहा घेतला आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

मी सरांवर जी तापले, ती आयुष्यात कुणावर तापले नसेन. भर मैदानात म्हणाले, तुमच्या नागरिकशास्त्रानं पोरीचा घात केला, कशाला पाहिजे होता तुम्हाला आरोप, कशाला उकरायला गेलात? सर म्हणाले, "बाई, हे गाऱ्हाणं हाय का..." आणि वाक्य तसंच सोडून सतरंजी गुंडाळायला वाकले.  मी तशीच घरी निघून आले. नंतर फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी संगीता भेटली तेव्हा तिनंच मला सांगितलं, सरांनी बोल म्हटलं न्हवतं, त्यांच्यासमोर खोटं घेऊन उभं राहता येईना, एवढंच. तिचे डोळे सुजलेले होते. चांगलं वाटलं असं काही ती म्हणाली नाही.

सभागृहाला कुलूप लागलं. पोरं आपापल्या वळकट्या घेऊन रस्त्यावर. मुकादमाचा ट्रॅक्टर निघायचाच होता, त्यात पोरं घालायची तयारी झालेली. सर जाऊन ट्रॅक्टरपुढं उभे राहिले नाहीत, भांडले नाहीत. ते पोरांना म्हणाले, चला रे. त्यांच्या अंगणात, आमच्या ओट्यावर, पलीकडच्या गिरणीच्या पडवीत पोरं झोपायला लागली. भाभीनं आणि मी भाकरी थापल्या, संगीता पीठ आणायची. सरांशी मी बोलायला लागले ती त्या भाकऱ्यांमुळं. ट्रॅक्टर निघाला तेव्हा पाच-सहा पोरं त्यात होतीच. सर रोज संध्याकाळी अंगणात हजेरी घ्यायचे, त्यात त्यांचीही नावं. कुणी 'हजर' म्हणणारं नसायचं, तरी घ्यायचे, आणि जरा थांबून पुढच्या नावाकडं जायचे.

तेव्हापासून सरांची तब्येत उतरली. शुगरमुळं पायाला झालेली जखम भरेना. पाऊस पडायच्या आधी सर गेले. मी तेव्हा इथं लातूरला मुलाकडं होते, मला फोनवर कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पाडव्याच्या चार-दोन दिवसांनंतर, फाट्यावर. माझं सामान आधीच लातूरला गेलेलं. मी एसटीची वाट बघत उभी होते.

टोळ्या परत येत होत्या. ट्रक, ट्रॅक्टर, वर संसार लादलेला, पाट्या, कोंबड्या, वरच्या गाठोड्यांवर झोपलेली माणसं. टपरीवाल्यानं सरांना खुर्ची दिली होती, पण ते उभेच होते, बँडेज बांधलेल्या पायानं. येणारं प्रत्येक वाहन हात करून थांबवत होते. माणसं उतरली की त्यांना सांगत होते. आधी आरोप, मग संगीताचं उत्तर, मग निकाल. त्याच क्रमानं, एक शब्द इकडं-तिकडं न करता, 'त्या कागदावर माझीबी सही होती' हे धरून. आणि मग दोन्ही हात पुढं करायचे. एका तळव्यावर चिंचोके, एकावर सिताफळाच्या बिया. टपरीच्या फळीवर तो जुना पत्र्याचा डबा.

लोक प्रवासानं मोडलेले. कुणी हसत होतं, कुणी सरांचं डोकं फिरलं म्हणत होतं, पण बी घेत होतं. त्यांच्या वर्गातला एक पोरगा, आता दाढी-मिशा आलेला, म्हणाला, "सर, आता काय उपयोग? निकाल लागलाय की."

"तो हजेरीचा निकाल," सर म्हणाले. "मी पट मोजतोय."

मी म्हटलं, सर, उन्हात कशाला उभं राहता, बसा तरी. ते म्हणाले, मत घेताना बसत नसतात, बाई.

तेवढ्यात संगीताच्या आईचा ट्रॅक्टर आला. म्हातारी उतरली, कमरेत वाकलेली, हाताला फडकं बांधलेलं. सरांनी तिलाही तेच सगळं सांगितलं, तिची लेक म्हणून काही वगळलं नाही, काही गोड केलं नाही. म्हातारीनं ऐकून घेतलं. बिया बघितल्या. मग म्हणाली, "आमाला कोन इचारतंय, सर?"

"मी इचारतोय."

तिनं दोन्ही तळव्यांवरून एक-एक बी उचलली. सर वळले, रस्त्याकडं तोंड करून, पाठ फिरवून उभे राहिले.

माझी एसटी आली. मी चढले, खिडकीशी बसले आणि मागं वळून बघितलं. म्हातारी डब्यासमोर मुठी मिटून उभी होती. विचार करत होती. लेक आणि न झालेली सभा, दोन्ही तिच्या मुठीत, आणि तिला कसलीच घाई नव्हती. सर वळून बघत नव्हते. गाडी वळणाला लागली तरी ते तसेच पाठ फिरवून थांबलेले होते.